शिट्टी मुलांच्या हाती

शाळेची मधली सुट्टी झाली की मैदानावरून दोन आवाज हमखास ऐकू येतात. पहिला 'खो!' आणि दुसरा 'ए, चिडका!' पहिल्या आवाजाने खेळ पुढे सरकतो आणि दुसऱ्याने तो मोडतो. हात लागला की नाही, खो आधी दिला की गडी आधी उठला, पाय रेषेच्या आत होता की बाहेर, यावरून जी हुज्जत सुरू होते ती घंटा झाली तरी संपत नाही. पुढचा तास गणिताचा असो की भूगोलाचा, मागच्या बाकांवर खटला चालूच असतो. घरी आल्यावर दप्तर टाकायच्या आधी आईला मिळणारी पहिली बातमीही तीच: "आज आम्हांला फसवून हरवलं!"

अशा वेळी आपण वडील माणसे काय करतो? एक तर "खेळ म्हटला की भांडणं व्हायचीच" असे म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो, नाहीतर "उद्यापासून जाऊच नकोस खेळायला" असा एकतर्फी निकाल देऊन मोकळे होतो. पहिल्या उत्तरातून मूल एवढेच शिकते की जो मोठ्याने ओरडेल त्याचे खरे. दुसऱ्या उत्तराने तर खेळच सुटतो. दोन्हींत नुकसान मुलाचेच.

तिसरा एक मार्ग आहे, आणि तो काही हुशार क्रीडाशिक्षक वर्षानुवर्षे चोखाळीत आले आहेत. तो म्हणजे शिट्टी मुलांच्याच हाती देणे. ऐकताना हा पोरखेळ वाटेल. माकडाच्या हाती कोलीत, असेही कोणी म्हणेल. पण कोलीत कसे धरायचे हे नीट शिकविले तर त्याच हातांनी पणती लागते.

खो-खोच का?

मुलांना पंचगिरी शिकवायला खो-खोसारखा खेळ नाही. सामान म्हणाल तर दोन खांब, थोडी फक्की आणि मोकळी जमीन. बॅट नको, चेंडू नको, पॅड नकोत. शिवाय हा खेळ आपल्या मातीतला. त्याला नियमांच्या चौकटीत बसविण्याचे काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास केले, आणि पुढे महाराष्ट्रातल्या व गुजरातेतल्या व्यायामसंस्थांनी त्याला आकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, ती मातीवर नव्हे तर मॅटवर. आणि भारताच्या पुरुषांच्या व महिलांच्या अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. तेव्हा आपली मुले जो खेळ गल्लीत खेळतात तो आता साऱ्या जगाच्या अंगणात गेला आहे.

पण पंचाच्या दृष्टीने हा खेळ मोठा कठीण. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूनंतर पंचाला श्वास घ्यायला फुरसत मिळते. खो-खोला ती उसंत नाही. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले. नववा धावतो आहे. समोर तिघे पळणारे हुलकावण्या देत आहेत. आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दोन खो दिले जाऊन दिशा बदललेली असते. खेळ थांबवून विचार करायला वेळ नाही. म्हणूनच जे मूल इथे न्याय द्यायला शिकते, ते कुठेही शिकलेले असते.

आणखी एक गंमत पाहा. खो-खोच्या सामन्याला अधिकारी किती लागतात? दोन पंच, एक सरपंच, एक वेळ पाहणारा आणि एक गुण लिहिणारा. झाले पाच! आपल्या वाडवडिलांनी 'पाचामुखी परमेश्वर' म्हणून ठेवले आहे. एका सामन्यात पाच मुलांना न्यायासनावर बसविता येते, ही केवढी सोय!

पाच पायऱ्या

मात्र आज नियम सांगितले आणि उद्या शिट्टी दिली, असे करून चालत नाही. पोहायला शिकणाऱ्याला कोणी पहिल्याच दिवशी विहिरीच्या काठावरून ढकलत नाही. पंचगिरीही पायरीपायरीनेच शिकवावी.

पहिली पायरी म्हणजे मैदान आखणे. हे काम शिपायावर सोपवू नये; मुलांकडूनच करून घ्यावे. टेप धरून, सुतळी ताणून, फक्की मारून मुलांनी एकदा मैदान आखले की नियम त्यांच्या हातांतून डोक्यात जातात. मधली पाटी ३० सेंटिमीटर रुंदीची आणि तिला छेदणाऱ्या आडव्या पाट्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे बसणाऱ्या गड्यांचे आठ चौकोन. दोन्ही टोकांना जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचे खांब. खांबापलीकडे मोकळा भाग, जिथे दिशेचे बंधन नाही. ज्याने रेषा आखली तो तिच्यावरून सहसा खोटे बोलत नाही.

दुसरी पायरी घड्याळ आणि पेन्सिल. पारंपरिक सामन्यात मोठ्या गटांना पाठलागासाठी ९ मिनिटे आणि लहान गटांना ७ मिनिटे मिळतात. प्रत्येक संघ दोनदा पाठलाग करतो आणि दोनदा पळतो. वेळ पाहणाऱ्या मुलाने मिनिटे मोजायची आणि गुणलेखकाने कोणता गडी किती वेळ टिकला हे लिहायचे. खो-खोतल्या पळणाऱ्याची सारी अब्रू या एका आकड्यात असते. 'दोन मिनिटे दहा सेकंद' हे शब्द वहीत उमटले की त्या पोराची मान ताठ होते. तेव्हा पाच सेकंद इकडचे तिकडे करणे म्हणजे कोणाच्या तरी खिशातले काढणे होय, हे गुणलेखकाला समजावून द्यावे.

तिसरी पायरी 'चालता खो-खो'. या खेळात कोणी धावायचे नाही, सगळ्यांनी चालायचे. शिक्षकाने दोघातिघा गड्यांच्या कानात सांगून ठेवायचे की तू मुद्दाम खो मिळण्याआधी ऊठ, तू मधल्या पाटीवर पाय दे, तू एक दिशा घेऊन मध्येच मागे वळ. बाहेर बसलेल्या मुलांनी चूक दिसताच हात वर करायचा. मुलांना हा चोर-पोलिसांचा खेळ फार आवडतो, आणि आवडीआवडीत नियम पाठ होतात.

चौथी पायरी एका पंचाला एकच चूक. धावत्या खेळात एका मुलाने केवळ उठणाऱ्यावर लक्ष ठेवायचे: आधी खो, मग उठणे. दुसऱ्याने केवळ मधली पाटी पाहायची. तिसऱ्याने दिशा पाहायची: धावणाऱ्याचे खांदे घेतलेल्या दिशेपासून काटकोनापलीकडे वळले का? चौथ्याने खो पाहायचा: पाठीमागून हात लावला का, आणि त्याच क्षणी शब्द उच्चारला का? नुसता हात म्हणजे खो नव्हे आणि नुसता शब्दही नव्हे. एकेक गोष्ट डोळ्यांत बसली की मग दोन दोन जोडाव्यात.

पाचवी पायरी खरा सामना, पण आपल्यापेक्षा लहान वर्गाचा. दोन पंचांनी मधल्या पाटीच्या दोन बाजूंना, मैदानाबाहेर उभे राहायचे. आपापल्या अर्ध्या भागातले निर्णय आपण द्यायचे आणि दुसऱ्याला गरज पडली तर मदत करायची. दोघांचे जुळले नाही तर सरपंच. क्रीडाशिक्षकांनी सरपंचाच्याही मागे उभे राहावे आणि, हे सर्वांत अवघड, तोंड मिटून राहावे! चालू खेळात गुरुजींनी एकदा जरी "अरे, बाद होता तो!" असे ओरडून पंचाचा निर्णय फिरविला, तर त्या मुलाच्या शिट्टीला पुन्हा कोणी भीक घालणार नाही. चूक झालीच तर डाव संपल्यावर, बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगावी.

आधी जीव, मग डाव

निर्णयाच्या आधी सुरक्षितता येते. खेळ सुरू होण्यापूर्वी पंचांनी मैदानाला एक प्रदक्षिणा घालावी, देवळाला घालतात तशीच मनोभावे. खडे, काचा, खिळे, नळाची उघडी तोटी, कोणीतरी विसरलेली सायकल. जे दिसेल ते दूर करावे. खांब गुळगुळीत आहेत का, हलत तर नाहीत, हे हात लावून पाहावे. खांबाजवळच मुले वेगाने वळतात, सूर मारतात. तिथली माती दगडासारखी घट्ट असेल तर ती उकरून, पाणी शिंपडून मऊ करून घ्यावी.

मग गडी. नखे कापलेली हवीत. अंगठ्या, घड्याळे, बांगड्या, गळ्यातल्या साखळ्या काढून एका रुमालात बांधून गुणलेखकाकडे ठेवाव्यात. पायांचा नियम सर्वांना एकच असावा: सगळे अनवाणी, नाहीतर सगळे बुटात. अर्धे बुटात आणि अर्धे अनवाणी असले की बसलेल्या गड्याच्या बोटांचा चेंदामेंदा व्हायचाच. बसणाऱ्यांनी हातपाय आवरून, चौकोनात बसावे; बाहेर काढलेला एक पाय पळणाऱ्याचे गुडघे फोडायला पुरेसा असतो.

खो देणे म्हणजे पाठीत धपाटा घालणे नव्हे. लहान मुले उत्साहाच्या भरात खो देताना अशी थाप मारतात की बसलेला गडी पुढे तोंडावर पडतो. पहिल्या धपाट्याला पंचाने समज द्यावी. दुसऱ्याला त्या गड्याला बाहेर बसवावे, मग तो संघाचा कितीही हुकमी खेळाडू असो. पळणाऱ्याचे कपडे वा केस धरून ओढणाऱ्यालाही हाच न्याय.

शिट्टीचेही एक शास्त्र आहे. ती तोंडात धरून पळू नये. पडल्यास दातांवर बेतते. गळ्यात दोरीने लटकवण्यापेक्षा मनगटाला सैल अडकवावी. पंचाने उलटे, मागे मागे धावू नये. शिट्टीच्या खुणा शाळेने आपल्यापुरत्या ठरवून घ्याव्यात: गडी बाद झाला तर एकच ठसठशीत शिट्टी आणि वर हात, नियमभंग झाला तर चुकलेला गडी सावरेपर्यंत लागोपाठ तुटक शिट्ट्या. नियमभंगाच्या अवस्थेत कोणाला हात लागला तर तो पळणारा बाद नाही, हे सर्वांना आधीच सांगून ठेवले की निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत.

आणि एक नियम कोणत्याही परिस्थितीत मोडायचा नाही. कोणाला रक्त आले, कोणी पडून उठले नाही, तर पंचाने तत्काळ खेळ थांबवावा आणि मोठ्या माणसाला बोलवावे. डोक्याला मार बसलेल्या मुलाने "मला काही झालं नाही, खेळतो मी" असे कितीही विनविले तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात घ्यायचे नाही. डॉक्टरांना दाखवावे. चार गुणांसाठी कोणाचे डोके पणाला लावण्याचा अधिकार कर्णधाराला नाही, गुरुजींना नाही आणि त्या मुलालाही नाही.

न्याय म्हणजे काय?

आता मुख्य गोष्ट. समजा, सहावीच्या दोन तुकड्यांचा सामना रंगात आला आहे. शेवटचा डाव, शेवटचे मिनिट. आणखी एक गडी बाद झाला तर एक तुकडी जिंकते. पंच आहे आठवीतला मुलगा, आणि पळणाऱ्यांत त्याचाच धाकटा भाऊ. धाकटा खांबाजवळ वळतो, पाठलाग करणारा सूर मारतो आणि त्याची बोटे धाकट्याच्या टाचेला निसटती लागतात. धूळ उडते. कोणाला काही दिसत नाही. दिसते फक्त पंचाला.

त्या एका क्षणात त्या चौदा वर्षांच्या पोराच्या मनात काय काय येत असेल! शिट्टी न वाजविली तर कोणाला कळणार नाही. वाजविली तर भाऊ रडेल, त्याची तुकडी शत्रू होईल आणि रात्री जेवताना घरात कोणी बोलणार नाही. न्यायाधीशांना मोठेपणी जे ओझे वाहावे लागते ते या मुलाच्या ओठांवर, दीड इंचाच्या शिट्टीत, येऊन बसलेले असते.

हा प्रसंग यायच्या आधीच त्याची तयारी करून घ्यावी. मुलांना पहिल्या दिवशी चार गोष्टी सांगाव्यात. एक: ज्या सामन्यात आपले सख्खे कोणी खेळत असेल त्या सामन्याला आपण होऊन 'मला पंच नको' असे सांगावे. त्यात कमीपणा नाही. दुसरा कोणी नसेल तर दोन्ही कर्णधारांना ते आधी सांगून त्यांची संमती घ्यावी. दोन: जे दिसले तेच द्यावे, जे ऐकले, जे वाटले, जे प्रेक्षक ओरडले ते देऊ नये. हात लागलेला दिसला नसेल तर पळणारा बाद नाही. तीन: एका बाजूवर चुकून अन्याय झाला म्हणून पुढच्या निर्णयात दुसऱ्या बाजूवर मुद्दाम अन्याय करून फिट्टंफाट करू नये. दोन चुकांची बेरीज न्याय होत नाही. चार: पंचाशी फक्त कर्णधाराने बोलावे, तेही डाव संपल्यावर, आणि पंचाने कारण एका वाक्यात सांगावे. "तू खो मिळायच्या आधी उठलास." बस्स. लांब भाषण केले की त्यातून नवा वाद निघतो.

याबरोबर शिक्षकांची एक जबाबदारी आहे. निर्णय देणाऱ्या मुलाला शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर कोणी गाठून दम दिला, तर ती गोष्ट 'पोरांपोरांतली' म्हणून सोडू नये. न्याय देणाऱ्याला संरक्षण नसेल तर न्याय कोण देईल? विशेषतः मुलगी मुलांच्या सामन्यात पंच असते तेव्हा "तिला काय कळतंय?" हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांतच कोणाच्या तरी तोंडून निघते. त्या वाक्याला जागच्या जागी उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते उत्तर गुरुजींनी दिले पाहिजे.

आणखी एक खबरदारी. ज्याला कोणी खेळायला घेत नाही, जो जाडा आहे, ज्याला जाड भिंगाचा चष्मा आहे, त्यालाच रोज 'तू पंच हो' म्हणून कडेला उभे करण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. वरकरणी हा मान वाटतो. खरे म्हणजे ती हद्दपारी असते. पंचगिरी आळीपाळीने सर्वांकडे यावी. पट्टीच्या खेळाडूकडे तर ती आवर्जून यावी. ज्याने एकदा शिट्टी हातात घेऊन दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या, तो पुढच्या सामन्यात पंचाच्या अंगावर धावून जात नाही. आणि कडेला उभ्या राहणाऱ्या पोरालाही मैदानात धावायचा तितकाच हक्क आहे.

पालकहो, तुम्हीसुद्धा!

स्नेहसंमेलनाच्या सुमारास शाळाशाळांत सामने होतात आणि पालक कौतुकाने पाहायला जातात. तिथे काही वडील असे आरडाओरडा करतात की वाटावे, पोराची नव्हे यांचीच परीक्षा चालली आहे. "अरे, झोपलाय काय पंच?" हे वाक्य आपण सहज बोलून जातो, पण तो पंच तेरा वर्षांचा आहे आणि तो कोणाचा तरी मुलगा आहे, हे ध्यानात येत नाही. शिवाय आपले मूल ते ऐकत असते. घरी पन्नास वेळा 'मोठ्यांना उलट बोलू नये' म्हणून शिकवायचे आणि मैदानावर न्याय देणाऱ्याला सर्वांदेखत हिणवायचे, हे जमणारे गणित नाही.

मूल हरून घरी आले आणि "पंचाने घात केला" म्हणाले, तर लगेच त्याची री ओढू नये. शांतपणे विचारावे, "पंच कुठे उभा होता? त्याला तिथून काय दिसलं असेल?" दुसऱ्याच्या जागेवर उभे राहून पाहायची सवय लावणारा हा एक प्रश्न आहे. आणि आपले मूल स्वतः पंच होऊन, आपल्याच दोस्ताविरुद्ध निर्णय देऊन, कोमेजल्या चेहऱ्याने घरी आले तर? तेव्हा शाबासकीचे भाषण नको. पाठीवरून हात फिरवावा, ताटात त्याच्या आवडीचे काहीतरी जास्त वाढावे आणि त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकून घ्यावे. आठवीतल्या त्या थोरल्याच्या घरातही त्या रात्री नेमके हेच व्हायला हवे. आणि धाकट्याला एवढेच सांगायला हवे की दादाने तुला हरवले नाही, त्याने जे पाहिले ते सांगितले.

दिवाळीची सुट्टी आहे. फराळाचे डबे उघडे आहेत, अभ्यासाच्या वह्या मिटल्या आहेत आणि सोसायटीच्या आवारात, वाड्याच्या अंगणात, जवळच्या मैदानावर पोरांचे थवे जमले आहेत. मैदान पुरे पडत नसेल तर आठांऐवजी चारच गडी बसवा, खांबांऐवजी खुणेचे वर्तुळ काढा. पण पाच अधिकारी मात्र पुरे नेमा. घड्याळ एकाकडे, वही एकाकडे, शिट्ट्या दोघांकडे, शेवटचा शब्द एकाकडे. दुसऱ्या डावाला जे खेळत होते त्यांनी शिट्टी घ्यायची आणि शिट्टीवाल्यांनी पळायचे.

पहिल्या दिवशी भांडणे होतील. दुसऱ्या दिवशी थोडी कमी होतील. चौथ्यापाचव्या दिवशी केव्हातरी एखादे पोर धुळीतून उठून, पंचाची शिट्टी वाजायच्या आधीच, स्वतःच हात वर करून "लागला मला" म्हणेल आणि चालत बाहेर येईल. तेव्हा गॅलरीतून ते पाहणाऱ्यांनी जरूर टाळी वाजवावी.